दुसऱ्याच्या नावाने हजर

'प्रॉक्सी' हा एक शब्द असा आहे, की जो महाराष्ट्रातील कोणत्याही महाविद्यालयात मुद्दाम शिकवावा लागत नाही. मुले तो वरच्या वर्गातील मुलांकडून वारशाने घेतात. प्राध्यापक मान खाली घालून हजेरी घेत असतात. सतराव्या नावाला ज्या घशातून 'हजर' निघाले, त्याच घशातून तेविसाव्या नावालाही, किंचित जाड होऊन, 'हजर' निघते. मराठीच्या तासाला हा चमत्कार अधिक घडतो, असे आमच्या शास्त्र शाखेतील सहकाऱ्यांचे मत आहे. मी त्यावर वाद घालीत नाही. अठरा-वीस वर्षे हजेरी घेतल्यावर एवढे मात्र सांगू शकतो, की आवाज कोणाचाही असो, पटावर लागते ते नाव. आणि पुढे जाब द्यावा लागतो तोही नावालाच.

दुसऱ्याच्या वतीने उभे राहणे हा प्रकार आपल्या समाजाला नवा नाही. वकीलपत्र आहे, मुखत्यारपत्र आहे. जुन्या सरदार घराण्यांत नवरदेव मोहिमेवर अडकला तर त्याचा खांडा पाठवीत आणि वधूचे लग्न त्या खांड्याशी लावीत. खांडा बिचारा प्रामाणिक! नवरदेवाच्या नावावर त्याने सासऱ्याकडे स्वतःसाठी कधी काही मागितल्याचे ऐकिवात नाही. मुखत्यार म्हणून माणूस नेमला, की मात्र चौकशी करावी लागते.

हे सारे आज आठवण्याचे कारण म्हणजे अलीकडे परिचितांच्या घरांतून मला वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न. "मुलगा म्हणतो, आम्ही सहा जणांनी मिळून प्रॉक्सीची वर्गणी भरली आहे, आता फोनवर सारे काही उघडते. हे बरे की वाईट?" मराठीच्या शिक्षकाला हा प्रश्न का विचारावा, असे प्रथम मलाही वाटले. मग ध्यानात आले, की यातला 'प्रॉक्सी' शब्द परका असला तरी 'वर्गणी' हा शब्द आपलाच आहे, आणि खरी मेख त्या वर्गणीतच आहे.

वर्गणी आपल्याला लहानपणापासून ठाऊक. गणपतीची वर्गणी, सहलीची वर्गणी, आणि वाचनालयाची वर्गणी. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंकांचे पीक वाढतच गेले. सारे विकत घेणे मध्यमवर्गीय खिशाला झेपेना. तेव्हा गावोगावच्या वाचनालयांनी युक्ती काढली: थोडीशी वर्गणी भरा, आणि अंक आळीपाळीने घरी न्या. आपण हे पान वाचीत आहात तो अंकही कदाचित असाच दोन दिवसांसाठी घरी आला असेल. या योजनेत प्रत्येक सभासदाला विकत एकच अंक मिळता, तेथे वाचावयास तीस-चाळीस मिळतात. परंतु ती चालते कशावर? पैशांवर नव्हे. ती चालते ग्रंथपालांच्या टेबलावरील वहीवर. कोणी नेला, कधी नेला, कधी परत केला. वही गेली, की चौथ्या दिवशी चाळीस अंकांचे चार होतात.

फोनवरील प्रॉक्सीची वर्गणी ही याच जातीची गोष्ट आहे. तिचे एक चांगले रूप मी रोज पाहतो आणि एक वाईट रूपही. दोन्ही आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखातली.

आधी या मुलखाविषयी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याचा बहुतेक भाग जंगल. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या घरात. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. देखावा पाहून पाहुणे हरखतात, पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर चढला की जगाशी संबंध तुटतो, हा तिकडच्या लोकांचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ निघाले. आमच्याकडे मराठी घेऊन एम. ए. करणारी मुले झाडीबोलीवर लिहितात, दंडारीवर लिहितात, वडशाहून निघणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांवर लिहितात. सामग्री त्यांच्या अंगणात आहे. पण त्यावर आधी कोणी काय लिहिले, हे पाहावयाचे तर ते दूरच्या नियतकालिकांत. यातली मौज अशी, की या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद कारखान्यात जाऊन कागद झाला. त्या कागदावर छापलेले ज्ञान मात्र बांबूच्या गावी परत यावयास वाट सापडत नव्हती.

ती वाट निघाली ती एका प्रॉक्सीतून. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. मोठमोठी नियतकालिके वर्गणी घेतात ती संस्थेकडून, आणि संस्थेला ओळखतात ती तिच्या पत्त्यावरून. महाविद्यालयाच्या आवारात बसून लेख उघडला, तर दार उघडते. तोच विद्यार्थी सुट्टीत एटापल्लीकडे आपल्या गावी गेला आणि फोनवरून तोच लेख मागू लागला, तर दारवान म्हणतो, "आपण कोण? पत्ता ओळखीचा नाही." येथे ग्रंथालयाचा प्रॉक्सी सर्व्हर मध्ये येतो. विद्यार्थी प्रथम त्याच्याकडे जातो, आपले नाव आणि परवलीचा शब्द सांगतो. सर्व्हर पटावर नाव तपासतो, आणि मग संस्थेच्या वतीने स्वतः तो लेख मागून आणून विद्यार्थ्याच्या हाती ठेवतो. म्हणजे येथेही दुसऱ्याच्या नावाने 'हजर' म्हटले जाते. फरक इतकाच, की ज्याचे नाव घेतले त्याची त्याला संमती असते, आणि कोणी घेतले याची नोंद असते.

एकेका लहान महाविद्यालयाला असा खटाटोप परवडत नाही. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' या केंद्राने २०१० साली 'एन-लिस्ट' नावाची योजना सुरू केली, ती यासाठीच. महाविद्यालय वर्षाला काही हजारांची वर्गणी भरते आणि त्याच्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना हजारो नियतकालिके आणि लाखाहून अधिक पुस्तके वाचता येतात. विद्यार्थ्याची ओळख पटविण्याचे काम केंद्राची यंत्रणा करते. पुढे २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना मंजूर केली. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था. देशाच्या पातळीवर काढलेली वर्गणीच म्हणा ना!

या वर्गणीचा लाभ घेण्यास फोनमध्ये काहीही बसवावे लागत नाही, हे मी पालकांना मुद्दाम सांगतो. साधा अँड्रॉइड फोन, त्यातील ब्राउझर, आणि ग्रंथालयाकडून मिळालेले स्वतःचे नाव व परवलीचा शब्द; संपले. आमच्याकडे अनेक घरांत एकच फोन भाऊ-बहीण मिळून वापरतात. अशा वेळी गुप्त खिडकीत, म्हणजे ब्राउझरच्या 'इनकॉग्निटो' टॅबमध्ये, प्रवेश करावा. 'शब्द जपून ठेवू का?' असे फोनने विचारले तर 'नको' म्हणावे, आणि काम झाले की बाहेर पडून खिडकी बंद करावी. लेख एकदा उतरवून घेतला की टॉवर नसला तरी वाचता येतो. "घरी टावर भेटते का?" असे मी सुट्टीआधी मुलांना विचारतो. "नाल्याच्या अलीकडे भेटते, सर," असे उत्तर येते. मग नाल्याच्या अलीकडे उतरवून घ्यावयाचे आणि पलीकडे वाचावयाचे, असा अभ्यासक्रम ठरतो.

या सगळ्यामागे ग्रंथपालांची मेहनत असते ती कोणाला दिसत नाही. प्रवेश झाले की नव्या मुलांची यादी चढवावयाची, प्रत्येकाला स्वतंत्र नाव द्यावयाचे, आणि निकाल लागला की गेलेल्यांची नावे उतरवावयाची. हे उतरविण्याचे काम चढविण्यापेक्षा महत्त्वाचे. गेलेल्या भाडेकरूकडून किल्ली परत घेतली नाही, तर घर दोघांचे होते.

आणि एकाच्या हावरेपणाने सगळ्यांचे दार बंद होऊ शकते. २०१० च्या शरद ऋतूत अमेरिकेत एमआयटी या विख्यात संस्थेच्या जोडणीवरून आरन स्वार्ट्झ नावाच्या तरुणाने 'जेस्टोर' या संग्रहातील लाखो लेख यंत्राने उतरविले. जेस्टोरने काही दिवस साऱ्या एमआयटीचेच दार लावून घेतले. ज्या अध्यापक-विद्यार्थ्यांनी काहीच केले नव्हते तेही बाहेर राहिले. ज्ञान असे कुलपात ठेवावे का, हा त्या तरुणाचा प्रश्न खोटा नव्हता. त्याच्यावर भरलेला खटला अनेकांना क्रूर वाटला. आणि निकालापूर्वीच, २०१३ च्या जानेवारीत, अवघ्या सव्विसाव्या वर्षी त्याने स्वतःचे जीवन संपविले. त्या दुःखाचा हिशेब मांडण्याची ही जागा नव्हे. वर्गणीपुरता धडा एवढाच, की सामाईक नावावर एकाने केलेली गोष्ट सगळ्यांनी केली, असेच दारवान समजतो.

सामाईक वस्तू कशी सांभाळावी हे शिकावयास खरे तर अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. आमच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिले. म्हणजे बांबू गावाच्या नावाने बाहेर जाणार, आणि त्या नावाचा जाबही गावच देणार. या गावाची रीत अशी, की निर्णय सर्वसहमतीने घ्यावयाचा आणि घेण्यापूर्वी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यावयाचा. जंगल सर्वांचे आहे याचा अर्थ ते कोणाचेही नाही, असा त्यांनी केला नाही. शहरातल्या सहा सुशिक्षित मुलांनी एक वर्गणी काढताना या गावाकडे पाहावयास हरकत नसावी.

आता दुसरे रूप. गेल्या पावसाळ्यात आमचा एक विद्यार्थी फोन पुढे करून म्हणाला, "सर, हे बघा ना, याच्यात सगळंच उघडते. आठ जणं मिळून घेतलं. महिन्याचे पन्नास रुपये."

"पैसे कोणाला देता?"

"गुरुपवरच्या दादाला."

"दादाचे नाव काय?"

मुलगा विचारात पडला. दादाला नाव असते, हे त्याच्या कधी ध्यानातच आले नव्हते. दोन महिन्यांनी एका सकाळी दादा नाहीसा झाला, आणि त्याच्याबरोबर आठ जणांची तीन-तीन महिन्यांची आगाऊ वर्गणी. मुलाला पैशांचे वाईट वाटले. मला वाटले ते निराळेच. पन्नास रुपये गेले, हा या व्यवहारातला सर्वांत स्वस्त भाग होता.

कारण अशा वर्गणीत हाती पडते काय, ते पाहा. एक दुवा मिळतो. अक्षरांची लांबलचक माळ. तो दुवा एका अॅपमध्ये घातला, की अॅप दूरच्या सर्व्हरांची यादी आणून ठेवते आणि ती वेळोवेळी ताजी करते. यादी कोणती यावी हे दादा ठरवितो. आज एक, उद्या दुसरी. दुवा ज्याच्याजवळ तो सभासद; नाव नाही, गाव नाही. कोनाड्यात ठेवलेली घराची किल्ली जशी, तसा तो दुवा. अॅप चालू करताना अँड्रॉइड स्वतः एक इशारा देतो: हे अॅप व्हीपीएन जोडू पाहत आहे, त्यास तुमच्या फोनवरील सर्व ये-जा पाहता येईल, विश्वास असेल तरच होकार द्या. मुले तो इशारा पंचांगाच्या जाहिरातीसारखी उलटतात. मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक लहानशी किल्ली दिसू लागते. तिचा अर्थ असा, की या क्षणापासून तुमचे प्रत्येक पत्र दादाच्या हातून जात आहे. बँकांसारखी बहुतेक स्थळे पाकीट बंद करून पाठवितात, म्हणून आतला मजकूर त्याला सहसा वाचता येत नाही. परंतु कोणाकडून कोणाला, किती वाजता, किती वजनाचे, हे तो पाहू शकतो. आणि 'हे प्रमाणपत्र फोनमध्ये बसवा' असे त्याने सांगितले व आपण ते बसविले, तर पाकिटेही उघडू शकतात.

पाहणे ही झाली एक गोष्ट. याहून मोठी गोष्ट म्हणजे नाव वापरणे. 'होला' या नावाचे एक फुकट साधन जगभर लाखो लोक वापरीत. २०१५ साली उघड झाले, की वापरणाऱ्यांच्याच जोडण्या त्या साधनाची कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकांना विकत होती. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने '९११ एस५' नावाचे जाळे मोडले. फुकट व्हीपीएनच्या निमित्ताने लोकांच्या संगणकांत शिरून, १ कोटी ९० लाख आयपी पत्ते त्या जाळ्याने गुन्हेगारांना भाड्याने उपलब्ध करून दिले होते. म्हणजे आपण समजतो, आपण दुसऱ्याच्या नावाने हजर आहोत. प्रत्यक्षात दुसराच कोणी आपल्या नावाने हजर असतो. आणि चौकशी आली, तर ती पत्त्यावरून आपल्या दाराशी येते.

कोणी म्हणेल, मग व्हीपीएन हा गुन्हाच का? तसे देशभर लागू असलेला कायदा म्हणत नाही. बँका, कचेऱ्या आणि मोठ्या कंपन्या ते रोज वापरतात. मात्र 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता आणि दिलेले आयपी पत्ते ही माहिती पाच वर्षे जपून ठेवावयाची आहे. हा खाजगीपणावर घाला आहे असे म्हणून काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारताबाहेर हलविले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आपल्याकडे पाहण्याचा मुद्दा निराळा: जी कंपनी नोंद ठेवते तिची नोंद कोणाकडे आहे हे आपल्याला ठाऊक असते, जी ठेवीत नाही तिने तसे जाहीर केलेले असते. दादाने यांपैकी काहीच केलेले नसते.

तेव्हा घरातल्या मुलाने "सगळे मिळून घेतले" असे सांगितले, तर रागावू नये. चार गोष्टी विचाराव्यात. पुरविणारा कोण, त्याला नाव-गाव आहे का? प्रत्येकाला स्वतंत्र खाते आहे, की एकच दुवा आठ जणांत फिरतो? तुमच्यात वही कोणाकडे आहे, आणि एखादा गट सोडून गेला तर दुवा बदलता का? आणि शेवटचे, ते घेतले कशासाठी? पुष्कळदा या शेवटच्या प्रश्नालाच गाडी थांबते. आमच्या त्या विद्यार्थ्याला हवे होते काय, तर संशोधनाचे प्रबंध. ते 'शोधगंगा'वर कोणालाही फुकट वाचता येतात. मराठी विश्वकोश फुकट आहे, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय फुकट आहे, आणि उरलेल्यासाठी महाविद्यालयाची वर्गणी आहेच. उघड्या दारासमोर उभे राहून त्याने खिडकीतून शिरण्यासाठी पन्नास रुपये दिले होते.

ज्यांच्या फोनवर असा दुवा आधीच बसला आहे त्यांनी सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली 'व्हीपीएन' पाहावे, अनोळखी नाव असल्यास ते पुसावे आणि अॅपही काढावे. वाय-फायच्या प्रगत पर्यायांत 'प्रॉक्सी' म्हणून एक जागा असते. आपण किंवा आपल्या संस्थेने काही लिहिले नसेल, तर तेथे 'काही नाही' असेच असावयास हवे. किल्लीचे चिन्ह दिसत असताना बँकेचा व्यवहार करू नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर विलंब न लावता कळवावे.

हे करावयास दहा मिनिटे पुरतात. पण मला काळजी दहा मिनिटांची नाही. आपली मुले मिळून-मिसळून वर्गणी काढतात, ही चांगली गोष्ट आहे. तीवर पाणी टाकू नये. इंद्रावतीकाठच्या मुलाला मुंबईच्या मुलाइतकेच वाचावयास मिळते आहे, ते अशाच वर्गणीमुळे. फक्त नाव उसने देण्या-घेण्याची गोष्ट पैसे उसने देण्या-घेण्यापेक्षा जपून करावयाची असते, हे कोणीतरी त्यांना घरात सांगावयास हवे. पैसे फेडता येतात. नावावर दुसऱ्याने काय काय उचलले, हे पुष्कळदा कळतसुद्धा नाही.

हा अंक वाचून झाला, की शेजारी द्या. तोही वर्गणीचाच धर्म आहे. मात्र देताना वहीत सही घ्या.